हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ: बोटीवर गेलेल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून पहिल्यांदाच बोटीवर चढलाय. बोट बल्क कॅरियर, म्हणजे खनिज-धान्यासारखा सुटा माल वाहणारी, आहे. पारादीपला लोहखनिज भरून ती चीनला जाणार, तिथून रिकामी पॅसिफिक ओलांडून पनामा कालव्यातून अमेरिकेच्या गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, धान्य भरायला जाणार. म्हणजे एकाच फेरीत चक्रीवादळ, टायफून आणि हरिकेन या तिन्हींचे समुद्र लागणार. तुम्ही श्रीवर्धनच्या, निसर्ग वादळात घराचे पत्रे आणि सुपारीची बाग गेलेली. म्हणून विचारताय की ही तीन वेगवेगळी वादळं आहेत का, आणि त्यांतलं सगळ्यांत वाईट कुठलं.

मी बरीच वर्षं मालवाहू बोटींवर कॅप्टन म्हणून काम केलं आणि हे तिन्ही समुद्र पाहिले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: वादळ एकाच जातीचं, फक्त समुद्र बदलला की नाव बदलतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'टायफून' किंवा 'हरिकेन' असं एका शब्दात देता येत नाही. बोट कुठल्या महिन्यात कुठे असेल, भरलेली असेल की रिकामी, आणि वादळापासून दूर पळायला तिला किती समुद्र मोकळा मिळेल, यावर ते ठरतं. बोट पारादीपहून कधी निघणार ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही ठिकाणचे महिने सांगतो. तुम्ही ते ताडून बघा.

आधी वादळ तयार कसं होतं ते बघू. समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंश सेल्सियसच्या वर तापलेलं लागतं, आणि तेही नुसतं वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. अशा पाण्यावरून वाफ उठते आणि वर जाऊन थंड झाली की तिचं पुन्हा पाणी होतं. घामावर वारा लागला की अंग गार पडतं, कारण घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्रावर तेच होतं, फक्त नेलेली उष्णता वर आकाशात वाफेचे ढग होताना परत मिळते. एक किलो वाफेचं पाणी झालं की सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते. त्या उष्णतेने वरची हवा गरम आणि हलकी होते, खाली समुद्रावरचा दाब उतरतो, आणि तो दाब भरून काढायला चारी बाजूंनी हवा धावत येते. येताना ती आणखी वाफ उचलते. वारा वाढला की बाष्प वाढतं, बाष्प वाढलं की दाब आणखी उतरतो. ही साखळी चालू राहिली की वादळ मोठं होत जातं. जमिनीवर चढलं किंवा थंड पाण्यावर गेलं की बाष्प तुटतं आणि वादळ मरतं.

धावत येणारी हवा सरळ मध्याकडे जात नाही, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फेर धरते, दक्षिण गोलार्धात घड्याळाच्या दिशेने. विषुववृत्ताला लागून हे वळण जवळजवळ नसतं, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत वादळ बनत नाही. डिसेंबर 2001 मध्ये सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर 'वामेई' तयार झालं होतं, पण असं क्वचितच होतं.

शेवटची अट वरच्या वाऱ्यांची आहे. खालचा वारा एका दिशेला आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा जोरात दुसऱ्या दिशेला वाहत असेल, तर ढगांचा उभा खांब मोडून पडतो आणि उष्णता एका जागी साठतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे समुद्र तापलेला असतो, बाष्पही भरपूर असतं, तरी मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत ती यामुळेच: खाली मान्सूनचे पश्चिमेकडून येणारे वारे, वर पूर्वेकडून येणारा जोराचा प्रवाह. म्हणून आपला वादळांचा काळ दोन तुकड्यांत पडतो, एप्रिल ते जूनची सुरुवात आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. दक्षिण अटलांटिकमध्येही वरचे वारे आणि थंड पाणी यांमुळे वादळं जवळपास होत नाहीत. मार्च 2004 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर एक आदळलं, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटलं होतं.

नावांचं आता पटकन सांगतो. अटलांटिक, कॅरिबियन, गल्फ ऑफ मेक्सिको आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेपर्यंतचा पूर्व पॅसिफिक इथे हरिकेन. वाररेषेच्या पश्चिमेला, म्हणजे फिलिपाइन्स, तैवान, चीन, जपानच्या बाजूला टायफून. हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला सायक्लोन. 1994 मध्ये 'जॉन' नावाचं वादळ हरिकेन म्हणून निघालं, वाररेषा ओलांडून टायफून झालं, आणि वळून परत आल्यावर पुन्हा हरिकेन झालं. वादळ तेच होतं, रेषा माणसांनी आखलेली.

तुमचा जो गोंधळ झालाय, की अमेरिकेच्या बातम्यांत 'कॅटेगरी 4' (हरिकेनच्या जोराच्या 1 ते 5 पायऱ्यांतली चौथी) म्हणतात आणि आपल्याकडे 'अतितीव्र', तो अगदी योग्य आहे. त्यात बोटीवरचे नवे अधिकारीही फसतात. हरिकेन आणि टायफून हे शब्द वारा 64 नॉट, म्हणजे ताशी 118 किलोमीटरला पोचल्यावर लावतात. आपला हवामान विभाग 'चक्रीवादळ' हा शब्द 34 नॉटला, ताशी 62 किलोमीटरलाच लावतो. मग 48 नॉटला तीव्र, 64 ला अतितीव्र, 90 ला अत्यंत तीव्र आणि 120 नॉटला सुपर सायक्लोन. 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलेलं निसर्ग आपल्या खात्याच्या हिशोबात 'तीव्र' होतं. त्या मापाने ते हरिकेनच्या उंबरठ्याच्या जरासं खालीच राहिलं, आणि तरी श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. लेबलावरून नुकसानीचा अंदाज बांधू नका, असं मी यासाठीच म्हणतो.

त्यात वारा मोजण्याची पद्धतही सगळीकडे एक नाही. वारा झोताझोताने वाहतो, म्हणून सरासरी काढावी लागते. अमेरिकन केंद्रं एका मिनिटाची सरासरी घेतात, आपला हवामान विभाग तीन मिनिटांची, जपानची हवामान संस्था दहा मिनिटांची. जितका वेळ जास्त, तितका आकडा खाली. त्यामुळे एकाच टायफूनचा टोकियोचा आकडा अमेरिकन आकड्यापेक्षा साधारण एक-दशांशाने कमी दिसतो. कॅप्टनने दोन बातमीपत्रांची तुलना करताना कुणाची सरासरी किती मिनिटांची हे आधी बघायचं असतं.

आता मुलाच्या वाटेवरचे समुद्र बघू. खरा फरक इथे आहे.

बंगालचा उपसागर. इथली वादळं संख्येने फार नसतात. अख्ख्या उत्तर हिंदी महासागरात वर्षाला साधारण पाच, आणि त्यांतली बहुतेक या उपसागरात. पण जगातली सर्वांत जास्त माणसं मारणारी वादळं याच पाण्यात झाली आहेत. नोव्हेंबर 1970 मध्ये भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली. वाऱ्याच्या जोरात ते सर्वांत मोठं वादळ नव्हतं. उत्तरेकडे उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता होतो आणि तळ उथळ आहे, म्हणून वाऱ्याने रेटलेलं पाणी साचत साचत भिंतीसारखं वर चढतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावतीचं गोडं पाणी समुद्राच्या वरच्या थरात पसरलेलं असतं हेही एक कारण. गोडं पाणी हलकं, म्हणून वरच राहतं. एरवी वादळ समुद्र घुसळतं तेव्हा खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाचा जोर थोडा मोडतो. इथे हा गोड्या पाण्याचा थर घुसळण अडवतो आणि पाणी गरमच राहतं. 1999 चं ओडिशाचं सुपर सायक्लोन पारादीपच्याच किनाऱ्यावर चढलं होतं.

बोटीच्या दृष्टीने इथली मुख्य अडचण जागेची. तीन बाजूंना जमीन, आणि पळायची मोकळी वाट फक्त दक्षिणेला. म्हणून वादळ येणार म्हटलं की पूर्व किनाऱ्यावरची बंदरं धक्क्यावरच्या बोटींना बाहेर समुद्रात काढतात. घरच्यांना वाटतं, एवढ्या वादळात बोट बाहेर का काढली? पण धक्क्याला बांधलेली बोट आपटून आपटून फुटते, आणि दोर तुटले तर दुसऱ्या बोटींवर जाते. वेळेवर निघालेली बोट बाहेर जास्त सुरक्षित असते. सगळं 'वेळेवर' या शब्दावर आहे. बंदरावर वरच्या नंबरचा बावटा लागेपर्यंत थांबलेल्या कॅप्टनला उशीर झालेला असतो.

पश्चिम पॅसिफिक. इथे उलट. जागा भरपूर, पण वादळंही सर्वांत जास्त, वर्षाला नाव मिळालेली पंचवीसच्या आसपास. हंगाम असा बंद होतच नाही. जुलै ते नोव्हेंबर जोर जास्त, पण डिसेंबरातही टायफून येतात. पाणी एकोणतीस-तीस अंश, आणि कित्येक ठिकाणी शंभर मीटर खोलीपर्यंतही गरम. त्यामुळे वादळ घुसळत राहिलं तरी थंड पाणी हाती लागत नाही आणि ते आकाराने, जोराने वाढत जातं. ऑक्टोबर 1979 मधल्या 'टिप' टायफूनच्या मध्यात 870 हेक्टोपास्कल दाब नोंदवला गेला, आजवरचा सर्वांत कमी, आणि त्याचा जोरदार वारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीसशे किलोमीटरच्या आसपास पसरला होता. मुंबईपासून दिल्लीपर्यंतचं हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटर आहे, म्हणजे आकार लक्षात येईल. नोव्हेंबर 2013 मध्ये 'हैयान'ने फिलिपाइन्सच्या ताक्लोबान शहरात समुद्र आत आणला आणि सहा हजारांहून जास्त माणसं गेली. फिलिपाइन्समध्ये हेच वादळ 'योलांदा' म्हणून ओळखतात, कारण तिथली हवामान संस्था आपली वेगळी नावं देते. मुलाने फोनवर दोन नावं सांगितली तर दोन वादळं आली असं समजू नका.

या समुद्रात मला सर्वांत जास्त धास्ती टायफूनच्या वळण्याची वाटते. सुरुवातीला ते पश्चिमेकडे दहा-बारा नॉटने रमतगमत जातं. मग कधी कधी उत्तरेकडे, मग ईशान्येकडे वळतं आणि तिथल्या वरच्या वाऱ्यात सापडलं की वेग दुप्पट-तिप्पट होतो. मुलाची बोट रिकामी होऊन चीनहून पॅसिफिकमध्ये निघेल ती नेमकी याच ईशान्येच्या वाटेवर असेल. मागून येणारं वादळ बोटीपेक्षा जोरात धावू शकतं. म्हणून चीन सोडण्याआधी, वादळ कुठे वळणार याचे सगळे अंदाज बघूनच निघायचं. एक-दोन दिवस आत नांगरावर थांबावं लागलं तर थांबायचं. बोट भाड्याने घेतलेली कंपनी दिवसाचे पैसे मोजत असते, त्यामुळे दबाव येतो, पण बोटीच्या सुरक्षेबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचाच असतो आणि आंतरराष्ट्रीय नियमही त्याच्याच बाजूने आहेत.

पनामाच्या आधी, मेक्सिकोच्या पश्चिमेला पूर्व पॅसिफिक लागतो. लोक याला विसरतात. पण मोजलेल्या वाऱ्याचा विक्रम इथलाच आहे: ऑक्टोबर 2015 मधलं 'पॅट्रिशिया', एका मिनिटाच्या सरासरीने ताशी सुमारे 345 किलोमीटर. तेही दिवसभरात फुगलं होतं.

मग कालव्यापलीकडे कॅरिबियन आणि गल्फ ऑफ मेक्सिको. हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, भर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. बरीच मोठी हरिकेन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेल्या हवेच्या लाटांतून तयार होतात आणि हजारो किलोमीटर चालत येतात, म्हणजे इशारा मिळायला दिवस असतात. पण गल्फमध्येच जन्मलेल्या वादळाला एवढा वेळ लागत नाही. गल्फमध्ये कॅरिबियनमधून गरम पाण्याचा खोल प्रवाह शिरतो, आणि त्यावरून गेलेलं हरिकेन काही तासांत दोन-दोन पायऱ्या चढतं. 2005 मध्ये 'कॅटरिना' आणि 'रीटा' याच पाण्यावरून गेली होती. बाहेर पडायला दोनच तोंडं, युकातानची सामुद्रधुनी आणि फ्लोरिडाची. म्हणजे जागेच्या बाबतीत गल्फ बंगालच्या उपसागराचाच भाऊ.

तुमच्या 'सर्वांत वाईट कुठलं' या प्रश्नावर माझं मत द्यायचं तर असं: किनाऱ्यावरच्या माणसाला बंगालचा उपसागर, बोटीवरच्या माणसाला पश्चिम पॅसिफिक. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पारादीपला माल भरत असलेल्या बोटीसाठी मी उपसागरालाच पुढे ठेवीन.

बोटीवर नेमकं काय करतात, तेही सांगतो, कारण त्यातला एक भाग तुमच्या मुलाच्याच हातात असेल. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो: साधारण दहाच्या सुमारास वर, चारच्या सुमारास खाली, दिवसा आणि रात्रीही. ब्रिजवर, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथे, बॅरोमीटर (हवेचा दाब दाखवणारं यंत्र) दर तासाला वाचून लिहायचं काम बहुतेक वेळा कॅडेटकडे येतं. हा रोजचा चढउतार मोडला आणि दाब त्या जागेच्या, त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा 3 हेक्टोपास्कलने खाली आला, तर संशय धरायचा. 5 ने खाली आला, तर जवळपास वादळ आहे असं धरूनच चालायचं. दाबाआधीही एक खूण मिळते. आकाश स्वच्छ, वारा मंद, आणि तरी लांबून एका ठरावीक दिशेने मोठ्या, संथ, अंतरा-अंतराने येणाऱ्या लाटा लागतात. त्या लाटा वादळापेक्षा वेगाने धावतात. इंटरनेट असो नसो, हे दिसल्यावर जो कॅडेट वर येऊन सांगतो, त्याच्यावर माझा जीव जडतो.

मग वादळ कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र उजव्या हाताला, जरासं मागे असतं. वादळाच्या वाटेच्या उजव्या अर्ध्या भागाला आम्ही धोक्याची बाजू म्हणतो: तिथे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळवला जातो, आणि वारा बोटीला वादळाच्या वाटेपुढे ढकलत नेतो. हे तुम्हीही अनुभवलंय. निसर्ग ईशान्येकडे जात किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन-दापोली उजव्या बाजूला सापडली, मुंबई डाव्या बाजूला राहिली आणि बरीच वाचली. मे 2021 मध्ये तौक्ते उत्तरेकडे वर सरकलं तेव्हा आपला सगळा किनारा उजव्या बाजूला होता, आणि मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात 'पी-305' बार्ज बुडून किती तरी माणसं गेली. विषुववृत्ताखाली हे सगळं उलटं, डावी बाजू धोक्याची.

अर्थात हे सगळं शेवटचं शस्त्र. पहिलं काम वादळाच्या जवळच न जाणं. आमच्याकडे एक जुना साधा नियम आहे: अंदाजातल्या केंद्राभोवती 24 तासांसाठी 100 सागरी मैल, 48 साठी 200, 72 साठी 300 एवढी चूक धरायची, त्यात केंद्रापासून 34 नॉटचा वारा जिथवर पोचतो ते अंतर मिळवायचं, आणि त्या वर्तुळात शिरायचं नाही. आताचे अंदाज पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहेत, तरी मी हा नियम कधी सोडला नाही. 1 ऑक्टोबर 2015 ला बहामाजवळ हरिकेन 'होआकिन'मध्ये 'एल फारो' ही मालवाहू बोट 33 माणसांसह बुडाली. चौकशीत निघालं की कॅप्टन काही तास जुन्या झालेल्या हवामान-माहितीवर भिस्त ठेवून चालला होता. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. त्या घटनेनंतर ताजं बातमीपत्र कोणतं आणि ते किती वाजताचं, हे तपासण्यावर सगळीकडे जास्त जोर आला, आणि मुलगा ज्या पिढीत शिकतोय ती हे नीट शिकून येते.

भरलेल्या आणि रिकाम्या बोटीचाही फरक आहे. लोहखनिज भरलेली बोट जड, खोल बसलेली. लाटा डेकवरून जातात, हॅचची, म्हणजे मालाच्या कोठारांच्या तोंडांवरची, झाकणं सांभाळावी लागतात. रिकामी बोट वर उचललेली, वारा तिला ढकलतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटांवर आपटते, प्रॉपेलर पाण्याबाहेर येतो. म्हणून वादळाच्या आधी टाक्यांत समुद्राचं पाणी भरून तिला खाली बसवायचं, आणि ते आधी करायचं, बोट हेलकावायला लागल्यावर नाही. डिसेंबर 1944 मध्ये फिलिपाइन्सच्या पूर्वेला अमेरिकन आरमाराच्या तीन विनाशिका टायफूनमध्ये उलटून बुडाल्या आणि सुमारे 790 खलाशी गेले. त्या बोटींतलं इंधन संपत आलेलं होतं. पुन्हा तेल भरायच्या प्रतीक्षेत टाक्यांत पाणी घ्यायला उशीर झाला, आणि हलकेपण अंगाशी आलं.

तुम्ही घरी बसून काय बघायचं? उपसागरात असेल तेव्हा भारतीय हवामान विभागाचं पत्रक, पश्चिम पॅसिफिकमध्ये जपानच्या हवामान संस्थेचं, अमेरिकेच्या बाजूला मायामीच्या हरिकेन केंद्राचं. वेळा बहुतेक यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. नकाशावर जो पसरत जाणारा शंकू दिसतो, तो वादळाच्या केंद्राची वाट कुठे जाऊ शकते तेवढंच सांगतो, वादळाचा आकार सांगत नाही. शंकूच्या बाहेरही जोराचा वारा आणि लाटा असतात.

मोबाइलवर बोटीची जागा दाखवणारं ॲप तुम्ही नक्कीच घेतलं असेल. खोल समुद्रात फुकटच्या ॲपवर बोट कित्येक दिवस दिसतच नाही, कारण किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत तिचा सिग्नल पोचत नाही. आणि एखाद्या दिवशी बोट उलट्या दिशेने चाललेली, दक्षिणेला भलतीच उतरलेली किंवा दोन दिवस जागच्या जागी पाच नॉटने रेंगाळलेली दिसली, तर बिघाड झाला असं समजू नका. आधी त्या भागातलं वादळ कुठे आहे ते बघा. बहुतेक वेळा कॅप्टन त्याला वाट देत थांबलेला असतो.